एसावाच्या बायका आणि आमची आई

शहागंजात रशीदभाईंचं दुकान आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणं आणि कबरींचे दगड कोरणं, हा त्यांचा धंदा. तिथं उन्हाळ्यापासून एक काळा दगड भिंतीला टेकून उभा आहे. तो माझ्या आईचा. आईला जाऊन पावसाळा उलटला, तरी दगड अर्धाच कोरलेला आहे, कारण उरलेलं काय कोरायचं ते मी सांगत नाही. रशीदभाई मधूनमधून फोन करतात, "बाई, पत्थर कब उठाते?" मी म्हणते, थांबा जरा. ते म्हणतात, "मैं तो ठैरताऊँ बाई, पन दुकान छोटा है."

या अंकाच्या संपादकांपुढं मी हे सगळं बोलून बसले, तर ते म्हणाले, दगडाचं राहू द्या, नोकरीबद्दल लिहा, तुमची नोकरी वेगळी होती. आता नोकरीबद्दल लिहायचं तर दगडाबद्दल लिहावंच लागतं, त्याला माझा इलाज नाही. मी जन्मभर नावांचं काम केलं आणि त्या दगडावर आईचं नावच तेवढं नाही.

मी एस्तेर. चर्चचे पाळक होऊ बघणाऱ्यांची एक लहानशी शाळा आमच्या शहरात आहे, तिथं मी हिब्रू शिकवायचे. मी निवृत्त झाले आणि तो विषयच बंद पडला. शिकणारं कुणी उरलं नव्हतं, शिकवणारं तर नव्हतंच. हिब्रू म्हटलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. गारखेड्यात आमच्या इमारतीतल्या वहिनी मला म्हणाल्या होत्या, "त्यापेक्षा स्पोकन इंग्लिशचे क्लास काढा की हो, लई चालतील." गिऱ्हाइकं यायची ती एकाच कामाला, बाळाचं नाव. दोन अक्षरी पाहिजे, गुगलवर नसलेलं पाहिजे आणि अर्थ चांगला पाहिजे. एका जोडप्याला 'मारा' हे नाव फार आवडलं. मी म्हटलं, अहो, त्याचा अर्थ 'कडू' असा आहे. पोरीची आई म्हणाली, "चालेल मॅडम, इथं कुणाला कळतंय!" तेही खरंच होतं म्हणा. ती पोर आता कॉलेजात असेल.

पण माझं खरं काम वेगळं. पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर सुधारायला एक मंडळ नेमलं होतं, त्या मंडळाची मी नावांची बाई. जुन्या करारात वंशावळ्या आहेत, पानंच्या पानं. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. चर्चमध्ये हे अध्याय वाचायची पाळी आली की वाचणाऱ्याला हटकून खोकला येतो. त्यातून एकच वंशावळ दोन-दोन पुस्तकांत येते आणि नावं जुळत नाहीत. एकीकडं रीफथ तर दुसरीकडं दीफथ. मग दोन्हीकडची नावं समोरासमोर मांडायची आणि ठरवायचं, हा एकच माणूस आहे की दोन वेगळे? दिवसच्या दिवस हेच. बाहेरच्याला वाटेल, काय मेलं काम! आम्हालाही कधी कधी तेच वाटायचं.

नावं बदलतात त्याची कारणं असतात. सगळ्यात साधं कारण म्हणजे नक्कल करणाऱ्याची चूक. हिब्रूत 'द' आणि 'र' ही अक्षरं इतकी सारखी दिसतात की बस. वर्गासाठी मी अक्षरांचा मोठा तक्ता रशीदभाईंकडून रंगवून घेतला होता, तेव्हा ते म्हणाले, "बाई, ये दोनों तो जुड़वे भाई हैं. एक के खांदे को कोना है, एक का गोल है, बस. हमारे उर्दू में बी दाल और रे का येईच झगडा है." मराठी मुलांना जे समजवायला मला तासभर लागायचा, ते त्यांना ब्रश हातात असतानाच कळलं. तेव्हापासून आमची ओळख.

दुसरं कारण जिव्हारी लागणारं आहे. शौल राजाच्या एका मुलाचं नाव एश्बाल. त्यात 'बाल' हे परक्या देवाचं नाव येतं. पुढच्या काळातल्या कुण्या धार्मिक माणसाला ते खपलं नाही. त्यानं 'बाल' काढला आणि तिथं चक्क 'लाज' हा शब्द बसवला. झाला ईश्बोशेथ, लाजेचा माणूस. राजपुत्र होता बिचारा. करमाडचा एक विद्यार्थी होता, घर बौद्ध, निव्वळ उत्सुकतेपोटी वर्गात येऊन बसायचा. हे ऐकून तो म्हणाला, "आमच्या आज्याला गावानं कचऱ्या म्हणून ठेवलं होतं, मॅडम. आम्ही शहरात आल्यावर त्याचं नाव नीट करून घेतलं. इथं तर नीट नावाचा कचरा केलाय." 

मी मुलांना एक नियम पाठ करून घ्यायचे. दोन नावं दिसली की आधी दोन माणसं समजा. एक करायची घाई करू नका. एका माणसाची चुकून दोन झाली तर फारसं बिघडत नाही, पण दोघांचा एक केला की त्यातला एक मरतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मुलं हसायची. पाठांतर मात्र चोख असायचं.

मंडळाचे प्रमुख फिलिप सर. देवमाणूस, पण टापटिपीचं भारी वेड. त्यांचं म्हणणं, एक माणूस, एक नाव, नाहीतर वाचक गोंधळतो. आमचं वाजलं ते एसावाच्या बायकांवरून. उत्पत्तीच्या पुस्तकात एसावाच्या बायका आधी येतात त्या यहूदीथ, बासमथ आणि महलथ. दहा अध्याय पुढं गेलं की त्याच एसावाच्या बायका असतात आदा, अहलीबामा आणि पुन्हा एक बासमथ. आधीची बासमथ एलोनाची लेक, ही बासमथ इश्माएलाची लेक. पुस्तकाच्या शेवटी छापायच्या वंशावळीच्या तक्त्यात बायका किती दाखवायच्या? सर म्हणाले, तीन.

"आपल्याकडं नाही का एस्तेरबाई, लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि त्यात बोटानं नवरीचं नवं नाव काढतात? तसंच हे. माहेरचं एक, सासरचं एक."

"आणि बापाचं नाव? तेही तांदळात बदलतं का सर?"

"वाचक गोंधळेल हो."

"गोंधळू द्या की! एवढ्या बायकांत एसाव गोंधळला नाही, वाचकाला काय धाड भरलीय?"

मंडळातले दोघे खाली मान घालून हसले. मत मात्र त्यांनी सरांनाच दिलं. तक्त्यात तीन बायका छापल्या गेल्या. म्हणजे दोन की तीन बायका मेल्या ते मला माहीत नाही, आणि आता ते कुणालाच कळणार नाही. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. आई म्हणाली, "कोन मेलं?" मी म्हटलं, एसावाची बायको. ती म्हणाली, "मंग जेव. तिला मरून लई दिस झाले."

आता आईचं सांगते, म्हणजे दगडाचं कळेल.

माझे बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांची पहिली बायको मार्था, माझी जन्मदाती. मी रांगत होते तेव्हा ती गेली. तेव्हा शाळेची नवी इमारत बांधणं चाललं होतं आणि कामावर वैजापूरकडची एक बाई विटा वाहायला यायची. मेंढरामागं फिरणाऱ्यांच्या घरची, नवऱ्यानं हाकलून दिलेली. मी रडायला लागले की ती पाटी खाली ठेवून मला उचलायची. पुढं बाबांनी तिच्याशी लग्न केलं. लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पाळकांनी विचारलं, "नाव काय ठेवायचं?" बाबा म्हणाले, "घरात चालू आहे तेच ठेवा."

रेशन कार्डावर मार्था होतीच. शेजारपाजाऱ्यांच्या तोंडातही मार्था बसलेलं होतं. बाबा वाईट माणूस नव्हते, त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही. त्यांना ते सोयीचं वाटलं, इतकंच. सगळ्यांनाच वाटलं. एक मार्था कबरस्तानात गेली आणि दुसरी मार्था चुलीपुढं बसली. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर बाबांच्या नावापुढं आजही एकच बायको आहे.

मला हे कळलं ते कबरस्तानात. नाताळाआधी आम्ही थोरल्या आईच्या कबरीवर फुलं ठेवायला जायचो. वाचता यायला लागल्यावर मी विचारलं, "आई, इथं तुझं नाव कसं?" ती कबरीवरचं गवत उपटत होती. म्हणाली, "तुझ्या आईचं हाय ते. मी वापरते." दुसऱ्याची साडी अंगावर असावी, तशा आवाजात म्हणाली. बाबांनी मला घरी नेऊन सगळं समजावलं आणि शेवटी बजावलं, मागचं मागं, या घरात मागचं काढायचं नाही. तो त्यांचा कायदा होता आणि ती तो पाळत राहिली.

बाबा गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. मी लग्न केलं नव्हतं. नावांचं काम तर अंगातच भिनलेलं, मग मी तिच्या मागंच लागले. "आई, तुझं खरं नाव सांग ना." आधी टोलवायची. "काय करती त्याचं? लोणचं घालती?" मग एकदा गहू निवडता निवडता म्हणाली, "गिरजा." मला केवढा आनंद झाला! पण पुढं कधीतरी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "ठकू." आणि एकदा माझं डोकं विंचरत होती, तेव्हा म्हणाली, "सोना." मी म्हटलं, अगं, एक काय ते सांग की! तर हसली नुसती.

मी हुशार ना! मी त्याचा छान उलगडा केला. गिरजा हे पाळण्यातलं नाव. ठकू हे लाडाचं, आईबापाच्या हाकेचं. आणि सोना हे पहिल्या लग्नात तांदळात काढलेलं. एक बाई, तीन नावं, प्रत्येकाचं कारण स्पष्ट, कुठंच अडचण नाही. इतका चोख उलगडा मला एसावाच्या बायकांचाही कधी जमला नव्हता. फिलिप सरांशी भांडून यायचे आणि वर्गात, नावं का बदलतात याचं उदाहरण म्हणून, आईचीच तीन नावं फळ्यावर लिहायचे.

यंदा होळी झाली आणि आईनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता वय झालं. तिलाही ते ठाऊक होतं. एकदा दुपारी तिला पेज भरवता भरवता मी सरळच विचारलं. आमच्या दोघींत आडपडदा नव्हता. "आई, दगडावर मी मार्था घालणार नाही. ती मार्था आहे तिथं आधीच. तुझं कोणतं घालू? गिरजा, ठकू की सोना?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "त्यांची कशापायी घालती? त्या जित्या असतील."

"त्या म्हणजे कोण?"

"लेकी माझ्या."

हातातली वाटी कुठं ठेवली ते मला आठवत नाही. ती हळूहळू बोलत राहिली. तिघी पोरीच झाल्या म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला हाकललं. पोरी ठेवून घेतल्या, मेंढरं वळायला हात लागतात म्हणून. धाकटी सोना अंगावर पीत होती. पुढं ही किरिस्तांव झाली म्हणून त्या लोकांनी हिचं नाव टाकलं, तोंड बघायची बंदी केली. म्हणजे मी रडायला लागले की पाटी टाकून जी बाई धावत यायची, तिचं दूध तेव्हा आटायचं होतं.

"मग मी तुझं नाव विचारायचे तेव्हा त्यांची का सांगायचीस?"

"घरात त्यांची नावं काढायची सोय न्हवती. मास्तर गेले तरी जीभ उचलायची नाय. तू इचारायची, नाव सांग, नाव सांग. तेवढंच निमित्त. एकदा तोंडातून निघायचं, बरं वाटायचं."

"आणि तुझं नाव, आई? तुझं?"

"मला 'गिरजाची माय' म्हनत व्हते."

"त्याआधी?"

"ते इसरले गं. कुणी हाकच मारली नाय त्या नावानं." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

तिघी जणी होत्या. मी त्यांची एक केली होती, कारणं जोडून, फळ्यावर लिहून. फिलिप सरांनी परक्यांच्या बायका मारल्या, मी घरच्या पोरी मारल्या, आणि वर मुलांकडून नियम पाठ करून घेत होते. यातून मी बाहेर आलेले नाही. येईन असं वाटतही नाही.

त्यानंतर आईला एकच ध्यास लागला. "एखादी गावली तर बघ." गावाचं नाव तिला धड सांगता येईना. गंगेच्या अल्याड, वाड्यावरची माणसं, एवढंच. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात आणि वाडा म्हणजे मेंढरांचा तळ, तो आज इथं, उद्या तिथं. शेजारच्या वहिनींना आईपाशी बसवून मी वैजापूरला गेले, बाजारच्या दिवशी. कांद्याच्या गोण्यांमधून वाट काढत, घोंगडी दिसेल त्या म्हाताऱ्याला विचारत सुटले. गिरजा, ठकू, सोना, तिघी बहिणी, आई लहानपणीच दुरावलेली. माणसं चांगली होती, ऐकून घेत होती. एका आजीनं तर मला आपल्या शेजारी बसवून चहा पाजला. मग म्हणाली, "बाई, तू शिकली सवरली ना? लगीन झालं की पोरीचं नाव ऱ्हातंय व्हय? तांदळात दुसरंच काढत्यात. आता त्या कोन गंगू झाल्या का भागू झाल्या, त्यांना तरी याद असंल का?"

मला हे सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. ज्या तांदळावरून मी सरांची टर उडवली होती, त्याच तांदळात त्या तिघी बुडाल्या होत्या. समोरून एखादी चालत गेली असती तरी माझ्या हाकेनं तिनं मागं वळून बघितलं नसतं. त्यानंतरही मी दोन-तीनदा गेले. दर वेळी मोकळ्या हातानं परतले.

दार उघडलं की आई विचारायची, "गावल्या का?"

खोटं बोलावं असं फार वाटायचं. जमलं नाही. "नाही गं आई."

"ऱ्हाऊ दे. उन्हाचं जाऊ नको." शेवटच्या वेळी एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात गेली, सकाळी, मी चहा गाळत होते तेव्हा.

नवे पाळक तरुण आहेत, समजूतदार आहेत. दगडावर नाव नाही म्हटल्यावर ते अडखळले, पण त्यांनी अडवलं नाही. मी रशीदभाईंना मजकूर दिला. एकेका ओळीत एकेक नाव, गिरजा, ठकू, सोना. आणि सगळ्यात खाली 'यांची माय'. रशीदभाईंनी सगळी हकीकत ऐकली आणि हातातली छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाले, "आप बी तो बेटी हैं ना बाई? चौथा नाम नै डालते?" आणि मी काही म्हणायच्या आतच त्यांनी सोनाच्या खाली एक ओळ रिकामी सोडली.

ती ओळ मला भरवत नाही. माझं नाव तिथं आलं की दगड कसा भरलेला दिसेल. चार लेकी आणि एक माय. वाचणाऱ्याला वाटेल, आम्ही चौघी एका ताटात जेवून मोठ्या झालो. वंशावळ्या अशाच फसवतात, हे मला नाही तर कुणाला कळायचं? नावं सगळी खरी असतात, पण कुणाच्या वाट्याचं कुणी खाल्लं ते त्यात येत नाही. आणि ओळ नको, काढून टाका, असंही मला म्हणवत नाही. ती माझी आई होती हो. माझी दुसरी कुणी नव्हती.

परवा शहागंजात गेले होते, दगडावरची धूळ तरी पुसावी म्हणून. रशीदभाई नमाजाला गेले होते. रिकाम्या ओळीत त्यांनी खडूनं 'एस्तेर' लिहून ठेवलं होतं, कसं दिसेल ते मला बघता यावं म्हणून. अक्षर सुंदर होतं, वरच्या तिघींच्या नावांशी अगदी जुळवून काढलेलं. मी आधी दगडावरची धूळ पुसली. मग पदरानं ते नावही पुसून टाकलं. खडूच तो, लगेच गेला.